कार्ड मिळालं, आता रिपोर्ट वाच

चि. छकुलीस,



तुझं क्रेडिट कार्ड मंजूर झालं हे दादा फोनवर सांगत होता, तेव्हा मागून वहिनीने विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "म्हणजे हिने कर्ज काढलं का?" दादा तिची समजूत घालत होता की नाही गं, नुसतं कार्ड आहे. मला वहिनीचं म्हणणं पटतं. कार्ड हे कर्जच आहे. तारण नाही, जामीनदार नाही, आणि दुकानात ते पुढे केलंस की दर वेळी थोडं नवं कर्ज. त्यात वाईट काही नाही. पहिल्याच नोकरीत, स्वतःच्या पगारावर, कुणाची सही न लागता तुला ते मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. मी बँकेच्या कर्ज विभागात बसायला लागले तेव्हा कमावत्या बायकासुद्धा अर्ज द्यायला येताना नवऱ्याला नाहीतर भावाला बरोबर आणायच्या, आणि अर्जापेक्षा त्या बरोबर आलेल्या माणसाचीच चौकशी जास्त व्हायची.

मग तुझा मेसेज आला. कार्ड मंजूर झालं, पण सिबिल स्कोअर काहीच दाखवत नाही, माझं काही चुकलं का? फोनवर उत्तर द्यायला बसले असते तर अर्धं राहून गेलं असतं, म्हणून हे पत्र.

चुकलेलं काही नाही. कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या ब्युरोला तू आजवर माहीतच नव्हतीस. तुझं बचत खातं, त्यात जमा होणारा पगार, तुझ्या नावाची एफडी, वहिनीने दर महिन्याला पोस्टात नेऊन भरलेली आरडी, यातलं काहीही ब्युरोच्या रिपोर्टात येत नाही. तिथे फक्त उसने घेतलेले पैसे येतात आणि ते कधी परत केले ते येतं. ज्याने कधी काही घेतलंच नाही त्याच्या नावापुढे आकडा नसतो. 'एनएच' असं लिहिलेलं दिसतं, काही ठिकाणी उणे एक दिसतं. हा कमी स्कोअर नव्हे. तीनशे ते नऊशेच्या मापात मोजावं असं अजून काही घडलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. पहिलं कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ मागचा इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितलं आहे. त्याच वर्षी लोकसभेतही सरकारने सांगितलं, की कर्ज मंजुरीसाठी अमुक एक किमान स्कोअर हवाच असं रिझर्व्ह बँकेने ठरवलेलं नाही. बँका आपापल्या मर्यादा ठरवतात, तो भाग वेगळा. तेव्हा कुणी 'साडेसातशे नाही, विषय संपला' असं तुला सांगितलं, तर तो त्या बँकेचा नियम आहे हे लक्षात ठेव.

कार्ड पाकिटातून बाहेर आलं की लगेच नोंद होते असंही नाही. एप्रिल २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डांबद्दल सविस्तर निर्देश काढले, ते त्याच वर्षी लागू झाले. ग्राहकाने कार्ड सुरू करेपर्यंत त्या खात्याची माहिती ब्युरोला द्यायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तीस दिवसांत तू ते सुरू केलं नाहीस तर बँकेने ओटीपी पाठवून तुझी संमती मागायची, आणि तू ती दिली नाहीस तर सात कामाच्या दिवसांत, काही पैसे न लावता, खातं बंद करायचं. म्हणजे अजूनही विचार बदलायला तुला जागा आहे. तेवढ्या दिवसांत त्या पाकिटातला अटींचा कागद वाचून काढ. वार्षिक फी पहिल्या वर्षापुरती माफ आहे की कायमची, व्याजाचा दर महिन्याचा किती, एटीएममधून रोख काढली तर व्याज कुठल्या दिवसापासून, या तीन ओळी पेन्सिलने खूण करून ठेव. रोख रकमेला बिनव्याजी मुदत नसते. काढली त्या दिवसापासून व्याज सुरू होतं.

एक नोंद मात्र कार्ड सुरू करण्याआधीच झाली आहे. तू अर्ज केलास तेव्हा बँकेने तुझा रिपोर्ट मागवला, आणि तो मागवल्याची तारीख, बँकेचं नाव, रक्कम हे सगळं 'एन्क्वायरी'च्या रकान्यात उमटलं. दादा म्हणाला की तू आणखी दोन ॲपवरून अर्ज टाकून ठेवले आहेस. ते मला आवडलं नाही. एका महिन्यात तीन एन्क्वायऱ्या दिसल्या की पुढचा अधिकारी विचार करतो, हिला पैशांची एवढी निकड कशाला? ॲपवर 'प्री-अप्रूव्ह्ड' असं लिहिलं म्हणून कर्ज मंजूर झालेलं नसतं, ते अर्ज करायचं आमंत्रण असतं. आता त्या दोन ॲपपैकी कुणी नकार दिला तर नेमकं कारण लेखी मागून घे. ते कळवणं कार्ड देणाऱ्यावर बंधनकारक आहे. आणि तू स्वतः आपला रिपोर्ट कितीही वेळा उघडून पाहिलास तरी स्कोअरला धक्का लागत नाही, त्याची भीती बाळगू नकोस.

तुला वाटेल, एवढं सगळं आत्याला कशाला सांगायचंय? सांगते. माझी नोकरी सुरू झाली तेव्हा सांगलीच्या आमच्या शाखेत कर्जाचा अर्ज आला की साहेब आधी नाव वाचायचे, मग आडनाव, मग पेठ. आमचा फील्ड ऑफिसर सायकलवरून अर्जदाराच्या गल्लीत जायचा. किराणा दुकानदाराला विचारायचा, उधारी वेळेवर देतात का. शेजाऱ्यांना विचारायचा, माणूस कसा आहे. परत येऊन अर्जाच्या मागे दोन ओळी लिहायचा आणि त्या दोन ओळींवर एखाद्याचं दुकान उभं राहायचं किंवा राहायचं नाही. त्यात चांगली माणसं तरून गेली हे खरं. पण ज्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, जे गावाच्या कडेला राहत होते, ज्यांचं आडनाव साहेबांच्या ओळखीचं नव्हतं, ते ताटकळत बसलेले मी पाहिलेत. ब्युरोच्या रिपोर्टात जात लिहीत नाहीत आणि शेजाऱ्याचं मतही विचारत नाहीत. तेवढ्यासाठी मला आजची पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा बरी वाटते, आणि निवृत्त झालेल्या माझ्या काही सोबत्यांशी मी यावरून वाद घालते.

पण जुन्या पद्धतीत माणसाला निदान समोर उभं राहून 'साहेब, हे खोटं आहे' असं म्हणता यायचं. आता तुझ्याबद्दल जे लिहिलं जातं ते तुझ्या पाठीमागे लिहिलं जातं. लिहिणारा तुला ओळखत नाही, आणि तू ते उघडून पाहिलं नाहीस तर चूक झाल्याचं तुला कळणारही नाही. म्हणून मला तुला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे, की हा रिपोर्ट तुझा आहे आणि तो तू वाचायचा आहेस.

आपण सगळे 'सिबिल' म्हणतो, पण ते एका कंपनीचं नाव. ऑगस्ट २००० मध्ये ती स्थापन झाली आणि २००४ पासून सामान्य कर्जदारांची माहिती देऊ लागली. २००५ मध्ये संसदेने यासाठी वेगळा कायदा केला. आज रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने अशा चार कंपन्या चालतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २०१५ पासून बँका, सहकारी बँका, वित्त कंपन्या सगळ्यांना या चौघांचंही सभासद व्हावं लागतं. चौघांचे स्कोअर थोडे वेगवेगळे येतात, त्याने घाबरून जाऊ नकोस. हिशेबाची रीत प्रत्येकाची वेगळी आहे. खाली लिहिलेली कर्जं आणि तारखा मात्र सारख्याच असायला हव्यात, आणि नसतील तर तिथे थांबून बघायचं.

आपल्याकडे हा शब्द आता पार वाडीवस्तीवर पोचला आहे. पीककर्जाला सिबिल मागू नका, मागितलं तर गुन्हे दाखल करू, असं राज्याच्या मुख्यमंत्र्यांना बँकांच्या बैठकीत बजावावं लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची बातमी आली होती, की मुलाचा सिबिल स्कोअर पाहून मुलीकडच्यांनी ठरत आलेलं लग्न मोडलं. घरात सगळे ती बातमी वाचून हसले होते. मला हसू आलं नाही. नुसता आकडा हातात घेऊन माणसाची पारख करायला लोक तयार झालेत, आणि तो आकडा कशाचा आहे हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

तर तो कसा दिसतो ते सांगते. वर स्कोअर. त्याखाली तुझं नाव, जन्मतारीख, पॅन, मग पत्ते आणि फोन नंबर. हा भाग लोक वाचत नाहीत आणि तिथेच पहिली गडबड असते. कधीही न राहिलेला पत्ता दिसला, अनोळखी मोबाइल नंबर दिसला, तर तुझ्या पॅनवर दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज पडला असण्याची शक्यता असते. त्याखाली एकेक खातं. कर्ज देणारी संस्था, कर्जाचा प्रकार, तू एकटी कर्जदार आहेस, सहकर्जदार आहेस की जामीनदार, मर्यादा किती, सध्या देणं किती, थकीत किती. आणि मग ती पट्टी. गेल्या छत्तीस महिन्यांचे छोटे छोटे चौकोन, सगळ्यात अलीकडचा महिना आधी. प्रत्येक चौकोनात किती दिवस उशीर झाला तो आकडा. वेळेवर भरलं असेल तर तीन शून्यं किंवा 'एसटीडी'. बँकेने त्या महिन्यात काही कळवलंच नसेल तर 'एक्सएक्सएक्स'. मी रिपोर्ट हातात घेतला की स्कोअर नंतर बघायचे, आधी ही पट्टी. तीस, साठ, मग परत शून्य असं दिसलं की समजायचं, काहीतरी आजारपण किंवा नोकरीचा खड्डा आला आणि माणूस त्यातून वर आला. तीस, साठ, नव्वद, एकशेवीस अशी चढत गेली की गोष्ट वेगळी.

एक शिक्षक आठवतात. तालुक्याच्या शाळेत होते, घराच्या नकाशाची गुंडाळी घेऊन आले होते. स्वतःच्या नावावर एक साधं वेतनकर्ज, तेही फेडलेलं. रिपोर्ट आला तर दुसऱ्याच एका संस्थेच्या वाहनकर्जाची पट्टी चढत चाललेली. बघतो तर मेहुण्याच्या टेम्पोला ते जामीन राहिले होते. सही करून विसरून गेले होते. "मी तर एक रुपयाही घेतला नाही हो," असं ते पुनःपुन्हा म्हणत होते, आणि ते खरंच होतं. पण मूळ कर्जदाराने भरलं नाही की देणं जामीनदाराचं होतं, आणि ते खातं त्याच्याही रिपोर्टात दिसतं. त्यांनी शेवटी पदरचे पैसे घालून मेहुण्याचे हप्ते भरले आणि घराचं काम लांबणीवर पडलं. ब्युरोचं यात काही चुकलं नव्हतं. त्यांनी एकदा आपला रिपोर्ट पाहिला असता तर दुसऱ्याच हप्त्याला त्यांना कळलं असतं, एवढंच मला सांगायचंय.

वहिनीचंही तसंच आहे. तिला वाटतं तिचा आणि कर्जाचा कधी संबंध आला नाही. पण घर घेताना दादाबरोबर सहकर्जदार म्हणून तिची सही घेतली होती. ती माझ्यासमोर झाली आहे. तुमच्या घरातली काटकसर तिने सांभाळली, भिशी तिने चालवली, आणि ते कुठल्याच रिपोर्टात नाही. गृहकर्जाचे वर्षानुवर्षं वेळेवर भरलेले हप्ते मात्र तिच्याही नावावर असायला हवेत. तिला बसवून एकदा तिचा रिपोर्ट काढून दाखव.

आता कार्डाच्या बिलाबद्दल. बिलावर दोन रकमा येतात, एकूण देणं आणि किमान देणं. समज बिल चाळीस हजारांचं आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे दोन हजार. तू दोन हजार भरलेस. उरलेल्या अडतीस हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज तेराशे तीस, त्यावर अठरा टक्के जीएसटी दोनशे चाळीसच्या आसपास. म्हणजे दोन हजार भरून मुद्दल जेमतेम चारशे तीस रुपयांनी कमी झालं. वर, जुनं देणं शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. वर्षाचा हिशेब बेचाळीस टक्क्यांवर जातो. एवढा दर आमच्या गृहकर्जाच्या फाइलवर दिसला असता तर मी फाइल परत पाठवली असती. ग्राहक आयोगाने पूर्वी कार्डावरच्या व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती, पण डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा वरून कुणी लगाम लावेल याची वाट बघू नकोस.

यात एक गोष्ट नीट समजून घे, छकुली, कारण ती मला या सगळ्यात सर्वांत काळजीची वाटते. किमान रक्कम वेळेवर भरत राहिलीस तर तुझ्या पट्टीत तीन शून्यंच येत राहतील. रिपोर्ट स्वच्छ. ब्युरोच्या दृष्टीने तू चुकवलेलं काही नाही. देणं मात्र जवळजवळ तिथल्या तिथेच असतं. रिपोर्ट हा कर्ज देणाऱ्याच्या सोयीसाठी तयार होतो. तुझं चाललंय कसं, रात्री झोप लागते का, हे त्याला विचारायचं नसतं. स्कोअर सातशे ऐंशी आणि पगाराचे निम्मे पैसे व्याजात, अशी तरुण मुलं माझ्या टेबलासमोर बसून गेली आहेत. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये 'ऑटो-पे' लावशील तेव्हा 'किमान रक्कम' नव्हे, 'पूर्ण रक्कम' हा पर्याय निवडलाय ना, ते दोनदा बघ. काही ठिकाणी किमान रकमेचा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो. आणि हप्त्यांत घेतलेला फोन, 'नंतर पैसे द्या' म्हणणारी ॲप, ही सगळी कर्जंच आहेत. पाचशे रुपये विसरलीस तरी ते थकीत म्हणून जाऊ शकतात.

तारखांचा घोळही समजून घे. जानेवारी २०२५ पासून बँकांना दर पंधरवड्याला किंवा त्याहून कमी अंतराने ब्युरोला माहिती द्यावी लागते. तुझी मर्यादा साठ हजार. दहा तारखेला तू लॅपटॉपचे पंचेचाळीस हजार कार्डावर भरलेस. बिल वीस तारखेला येणार, भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्यात. तू अगदी वेळेवर, पूर्ण भरणार आहेस. तरी बिल येण्याआधीच जे कळवलं जाईल त्यात मर्यादेचा पाऊण हिस्सा वापरलेला दिसेल. बँकेतली माणसं साधारण तीस टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगतात. तो नियम नाही, अंदाज आहे. दर महिन्याला त्याची चिंता करत बसायची गरज नाही. पण मोठी खरेदी झाली आणि लवकरच कुठल्या मोठ्या कर्जाला अर्ज करायचा असेल, तर बिलाची वाट न पाहता आधीच पैसे भरून टाक. पगार सात तारखेला होतो आणि भरायची तारीख पाच असेल, तर बिलाची तारीख बदलून माग. निदान एकदा ती बदलून देण्याची सोय बँकेने ठेवायची असते. आणि एखाद वेळी तारीख चुकलीच तर हातपाय गाळू नकोस. तीन दिवसांपर्यंत 'थकीत' अशी नोंद पाठवता येत नाही, दंडही लावता येत नाही. फक्त ती तीन दिवसांची सोय सवय करून घेऊ नकोस.

कार्ड बंद करताना किंवा कर्ज फेडून झाल्यावर लोक सुटलो म्हणून निघून जातात. सातबाऱ्यावरचा बोजा तुला माहीत आहे. आजोबांनी सोसायटीचं कर्ज फेडलं, पावती पेटीत ठेवली, आणि पुढे वाटणीच्या वेळी उतारा काढला तर इतर हक्कात बोजा तसाच. फेडणं वेगळं आणि नोंद उतरवणं वेगळं. इथेही तसंच आहे. कार्ड बंद करायची विनंती केलीस आणि देणं काही नसेल, तर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचं. नाही केलं तर दर दिवसाला पाचशे रुपये तुला द्यायचे. नंतर महिन्याभराने रिपोर्ट उघडून तिथे 'क्लोज्ड' लिहिलंय ना ते बघायचं. 'सेटल्ड' दिसलं तर अर्थ निराळा होतो. तडजोडीने कमी पैसे घेऊन खातं मिटवलं, असं पुढचा प्रत्येक अधिकारी ते वाचतो. वसुलीवाला फोनवर 'थोडे कमी भरा, मिटवून टाकू' म्हणतो तेव्हा हे सांगत नाही. आणि ही माहिती ब्युरोने किमान सात वर्षं जपून ठेवायची असते.

चूक सापडली तर? आधी सांगते, सापडू शकते. २०२२ साली कितीतरी जणांना कळलं की आपल्या पॅनवर कुणीतरी परस्पर छोटी छोटी कर्जं उचलली आहेत, आणि त्यात नावाजलेले नटनट्याही होते. म्हणून पॅनचा फोटो कुठल्याही लॉजच्या, दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाकत जाऊ नकोस. आता तुझा रिपोर्ट कुणी मागवला की तुला एसएमएस किंवा ईमेल यायला हवा. तो आला आणि तू अर्ज केलेला नसेल, तर त्याच दिवशी तक्रार कर. ब्युरोच्या साइटवर तक्रारीची सोय आहे. ब्युरो स्वतःहून आकडे बदलत नाही, तो बँकेला विचारतो. बँकेला उत्तरासाठी एकवीस दिवस, सगळं मिळून तीस. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही हाती काही लागलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत, आणि तक्रारीला फी नाही. मी बँकेच्या बाजूने इतकी वर्षं बसले आहे, म्हणून सांगते, जो माणूस तारीख आणि तक्रार क्रमांक घालून दोन ओळी लेखी देतो त्याचं काम आधी होतं. फोनवर केलेली विनवणी कुठेच राहत नाही.

रिपोर्ट फुकट मिळतो. २०१७ पासून चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असा नियम आहे. साइट उघडलीस की आधी महिन्याच्या वर्गणीची पानं पुढे येतात, मोफत रिपोर्टची जागा शोधावी लागते. शोध. चार कंपन्या आहेत, दर तीन महिन्यांनी एकीचा काढलास तर वर्षभर लक्ष राहतं. पहिला आणखी सहा महिन्यांनी काढ, तोवर आकडाही आलेला असेल.

आणि आता तू मेसेजच्या शेवटी जे सहज विचारलंस ते. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला तुझ्या कार्डावर हप्त्याने फोन घ्यायचा आहे, ती दर महिन्याला तुला पैसे देईल. तिच्या मनात काही वाईट नाही हे मला मान्य आहे. तरी नाही म्हण. तिने एखाद्या महिन्यात पैसे दिले नाहीत तर तो चौकोन तुझ्या पट्टीत उमटणार, आणि तुझं तिच्याशी बोलणं तुटणार ते वेगळंच. नुसतं नाही म्हणून मात्र मोकळी होऊ नकोस. तिलाही कार्ड मिळत नाही कारण तिचीही काही नोंद नाही, पगार थोडा आहे, आणि अशी मुलगी मग कुठल्या तरी ॲपच्या दारात जाते. तिला सांग की पुष्कळ बँका एफडीवर कार्ड देतात. एफडीच्या रकमेच्या बहुतेक हिश्शाएवढी मर्यादा मिळते, एफडीवरचं व्याजही चालू राहतं, आणि त्या कार्डाची नोंद ब्युरोकडे इतर कार्डांसारखीच होते. शनिवारी तिच्याबरोबर तिच्या पगाराच्या खात्याच्या शाखेत जा. पॅन आणि आधारची प्रत बरोबर न्या. किमान किती रकमेची एफडी लागेल आणि ती मोडायची झाली तर काय, हे दोन प्रश्न अर्ज भरण्याआधी विचारा. पहिल्या शनिवारी जा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात.

तुझी,
आत्या